पैसे द्यायचे कुणाला?

बार्शीला राहणाऱ्या माझ्या आत्याला गेल्या वर्षी एक मराठी चित्रपट बघायचा होता. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने तो सोलापुरात पाहिला होता आणि फोनवर तासभर त्याबद्दल सांगितलं होतं. बार्शीत तो लागलाच नाही. सोलापुरात आठवडाभर होता, तोही दुपारच्या एकाच खेळाला. दोन महिन्यांनी आत्या मला म्हणाली, "तुम्ही बघता ना ते मोबाईलवर, तिथं लावून दे. काय पैसे होतील ते मी देते." तेव्हा माझ्याकडे तीन ओटीटींची वर्गणी चालू होती. तिन्हींवर शोधलं. चौथ्याचं ॲप उतरवून घेतलं आणि तिथेही शोधलं. एकरकमी भाड्याने मिळतो का, निर्मात्याच्या यूट्यूब वाहिनीवर आहे का, तेही पाहिलं. ट्रेलर सगळीकडे होता, चित्रपट कुठेच नव्हता. शेवटी आत्याच्या नातवाने टेलिग्रामवर नाव टाकलं आणि तिचा चहा संपायच्या आत टीव्हीवर चित्रपट सुरू झाला.

तो संपल्यावर आत्याने पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "मग आता पैसे द्यायचे कुणाला?"

मला उत्तर देता आलं नाही. पायरसीवर आपल्याकडे जी चर्चा होते, ती या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. ती सुरू होते प्रेक्षकाच्या फुकटेपणापासून आणि संपते कायद्याच्या धाकापाशी. आत्यासारखा माणूस पैसे हातात घेऊन उभा आहे आणि दुकानच बंद आहे, ही शक्यता कुणी गृहीतच धरत नाही. मला वाटतं, मराठीपुरतं तरी पायरसीचं मोठं कारण तिथेच आहे. चित्रपट थिएटरमधून उतरला की तो रीतसर बघायची वाट बंद होते आणि त्या रिकाम्या जागेत टेलिग्रामचे चॅनेल उभे राहतात.

फुकट बघणारे नाहीत असं मी म्हणत नाही. पुष्कळ आहेत. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि इंटरनेट अँड मोबाईल असोसिएशन ऑफ इंडिया यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२३ या वर्षात भारतातल्या पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी रुपयांची असल्याचा त्यांचा अंदाज आहे. त्यातले १३,७०० कोटी थिएटरमधून चोरलेल्या प्रतींचे आणि ८,७०० कोटी ओटीटीवरून उचललेल्या मजकुराचे. चित्रपट-मालिका पाहणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक कुठे ना कुठे चोरीची प्रत बघतात, असं तो अहवाल सांगतो. हे आकडे उद्योगाच्या बाजूने काढलेले आहेत, आणि चोरीची प्रत बघणारा प्रत्येक जण एरवी तिकीट काढून गेला असता असं धरणं मला पटत नाही. पण त्याच अहवालातल्या दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. लोक चोरीच्या प्रतीकडे का वळतात याची जी कारणं पुढे आली, त्यांत वर्गणीच्या दराबरोबरच अनेक वर्गण्या सांभाळण्याची कटकट आणि हवं ते न मिळणं ही दोन कारणं आहेत. आणि जाहिरातींसह का होईना, पण अधिकृत ठिकाणी विनाशुल्क मिळालं तर चोरीची वाट सोडू, असं ६४ टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे मधे जाहिरात बघायची त्यांची तयारी आहे. आपला वेळ ते द्यायला बसलेत, तो घ्यायला समोर कुणी नाही.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाहीये.

१९८० च्या आसपास कॅसेट आली तेव्हा संगीताच्या बाजारावर एचएमव्हीची जवळपास मक्तेदारी होती. त्यांच्या कॅसेट महाग आणि मागणीच्या मानाने फार थोड्या. ती कमतरता चोरून भरलेल्या कॅसेटींनी भरून काढली. मग गुलशन कुमार यांनी टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेट काढल्या आणि त्या संगीताच्या दुकानांपुरत्या न ठेवता पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात नेऊन ठेवल्या. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेण्याच्या त्यांच्या पद्धतीवर वाद पुष्कळ झाले, आणि ते रास्तही होते. पण गिऱ्हाईक जिथे उभं आहे तिथे माल गेला पाहिजे आणि त्याच्या खिशाला झेपला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच कॅसेटच्या लाटेत मराठी लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं घराघरांत पोचली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे कधी गिऱ्हाईक म्हणून पाहिलंच नव्हतं, असे लोक कॅसेट विकत घेऊ लागले. एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांमध्ये लटकलेल्या त्या कॅसेटींच्या रांगा माझ्या वयाच्या कुणाच्याही डोळ्यांसमोर येतील.

पुढे व्हीसीडीचा जमाना आला आणि फुटपाथवर चोरीच्या तबकड्यांचा बाजार भरला. धाडी पडत होत्या, गठ्ठेच्या गठ्ठे रोलरखाली चिरडल्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा चादर अंथरली जात होती. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. अस्सल प्रत, नीट वेष्टन, आणि भाव फुटपाथवरच्या मालाइतकाच. आमच्या घरात ज्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या आहेत त्यांतल्या बहुतेक त्या काळातल्या. वडिलांनी त्याआधी कधी अस्सल व्हीसीडी घेतली नव्हती, त्यानंतर कधी चोरीची घेतली नाही. त्यांची नीती काही एका आठवड्यात बदलली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानात परवडेल अशी वस्तू आली होती, एवढंच. ती कंपनी पुढे टिकली नाही, तबकडीच मागे पडली. पण तो काळ मला अजून आठवतो.

गाण्यांचं उदाहरण तर आणखी जवळचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावी मोबाईल शॉपीवर पाटी असायची, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. वीस-तीस रुपयांत कार्डभर गाणी, दोन-चार पिक्चर. आज ती पाटी शोधूनही सापडत नाही. गाणं चोरणं का थांबलं? यूट्यूबवर आणि ॲपवर ते जाहिरातींसह मोफत मिळू लागलं म्हणून. याच टी-सीरिजने २००७ साली यूट्यूबवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. २०११ मध्ये समेट झाला, त्यांनी स्वतःच गाणी यूट्यूबवर चढवायला घेतली, आणि २०१९ मध्ये १० कोटी वर्गणीदारांचा टप्पा गाठणारी जगातली पहिली वाहिनी त्यांचीच ठरली. फुकट गाणं ऐकणारा माणूस तोच राहिला. त्याने दाबलेल्या प्रत्येक बटणाचा पैसा आता मालकाकडे जाऊ लागला.

मग चित्रपटांच्या आणि मालिकांच्या बाबतीत आपण मागे का गेलो? सुरुवात तर बरी झाली होती. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ आले, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला, हॉटस्टार त्याआधी वर्षभर आलेलंच होतं. त्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी टोरेंट सोडलं. एक-दोन वर्गण्यांत सगळं मिळतंय असं वाटत होतं. पुढे जो तो आपापलं कुंपण घालत गेला. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिकांचं बघा. त्या हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ नंतर तिथून गेल्या, मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार व जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. मालिका अर्धवट पाहून ठेवलेल्या माणसाने मधल्या काळात काय करायचं? कंपन्यांच्या करारांशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याने वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, आणि ज्यासाठी भरले तेच उठून दुसरीकडे गेलंय.

दराचंही असंच. नेटफ्लिक्सने भारतात पाऊल ठेवलं तेव्हा सर्वांत स्वस्त योजना महिना ५०० रुपयांची होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी दर उतरवले, मोबाईलवरची योजना १४९ रुपयांवर आणली. हा शहाणपणाचा निर्णय होता आणि त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी मात्र ९९९ वरून १४९९ झाली, आणि जून २०२५ पासून तिथे जाहिरातीही सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. पैसे भरून घेतलेल्या गोष्टीत मागाहून जाहिराती घुसवायच्या आणि त्या काढण्याचे वेगळे पैसे मागायचे, हे मला व्यवहाराला सोडून वाटतं. चोरीच्या प्रतीशी स्पर्धा असताना आपलाच माल मुद्दाम खराब करून विकायचा, यात प्रेक्षकाबद्दल आदर दिसत नाही.

आपल्या लोकांना केबलवाल्याची सवय होती, हेही विसरू नये. महिन्याला दीड-दोनशे रुपये न्यायला ओळखीचा मुलगा दारात यायचा. पैसे दिले की सगळ्या वाहिन्या सुरू. चित्र गेलं तर त्याला फोन करायचा. आता प्रत्येक ओटीटीचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, नूतनीकरणाची तारीख वेगळी, आणि बँकेतून पैसे आपोआप कधी कापले गेले ते महिन्याच्या शेवटी कळणार. माझ्या आत्याच्या पिढीचे लोक घाबरतात ते पैशाला नव्हे, तर या आपोआप कापण्याला.

इथपर्यंतचं सगळं मराठी प्रेक्षकाला इतरांसारखंच लागू आहे. मराठी चित्रपटांचं दुखणं याहून वेगळं आणि जास्त खोल आहे.

हिंदी किंवा तेलुगू चित्रपट थिएटरात लागला की साधारण चार ते आठ आठवड्यांत कुठल्यातरी ओटीटीवर दिसतो. प्रेक्षकाला ते माहीत असतं, म्हणून तो थांबतोसुद्धा. मराठी चित्रपटाबद्दल अशी खात्री कुणीच देत नाही. मोठे ओटीटी मराठी चित्रपट थोडेच घेतात, आणि जे घेतात ते बहुधा तिकीटबारीवर चाललेले. जो चालला नाही तो निर्मात्याच्या हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो, कारण निर्माता 'चांगली डील येईल' म्हणून वाट बघतो. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. चित्रपटाबद्दल लोक बोलत होते तो काळ निघून जातो. या अवधीत त्याची प्रत टेलिग्रामवर हजारो लोकांनी पाहिलेली असते आणि निर्मात्याच्या हाती एक पैसाही आलेला नसतो. निर्मात्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण इथे त्यांची चूक आहे असं स्पष्ट म्हणावंसं वाटतं. न येणाऱ्या पन्नास लाखांची वाट बघताना ते येऊ शकणारे पाच लाख गमावून बसतात.

ॲपच्या आतही मराठी माणसाला आपलं घर सापडत नाही. देवनागरीत नाव लिहून शोधलं तर अनेकदा काहीच येत नाही, रोमन लिपीत लिहिलं तर स्पेलिंग जुळवत बसावं लागतं. 'मराठी' अशा रांगेत दक्षिणेतले डब केलेले चित्रपट आधी दिसतात. मराठी चित्रपटाला संवादांची मराठीत अक्षरं (सबटायटल) बहुधा नसतात, त्यामुळे ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो निम्मा कळतो. परदेशात राहणाऱ्यांची अवस्था आणखी वाईट. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. भारतातली वर्गणी तो भरतो, आणि तिथे बटण दाबलं की पाटी येते: तुमच्या देशात उपलब्ध नाही. गणपतीत सगळ्यांना एखादा नवा मराठी चित्रपट दाखवावा असं तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांच्या मनात येतं, पण परवानगी कुणाकडून घ्यायची हेच त्यांना कळत नाही.

जुन्या चित्रपटांचं काय, हाही प्रश्न याच्याच पोटातला आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे १९३६ चा 'संत तुकाराम' किंवा १९५३ चा 'श्यामची आई' आज कुणीही नेटवर ठेवला तरी ती चोरी नाही. अडचण आहे ती त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांची. हक्क कुणाकडे आहेत ते ठाऊक नाही, मूळ निर्माता हयात नाही, वारसांचं एकमत नाही, आणि चित्रपट ना कुठे विकत मिळतो ना भाड्याने. जो मिळतो तो कुणीतरी दूरदर्शनवरून व्हीएचएसवर उतरवून ठेवलेला. मराठी नाटकांच्या व्हीसीडी मधल्या काळात निघाल्या होत्या. त्या आता छापल्या जात नाहीत, आणि ती नाटकं ज्या नटसंचात पुन्हा कधी होणार नाहीत, त्या नटसंचाचं काम आज फक्त कुणाच्या तरी बेकायदा अपलोडमुळे शिल्लक आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा आपण काय गमावलं, हे ज्यांनी त्या बातम्या वाचल्या त्यांना आठवत असेल. जपणूक फक्त सरकारवर किंवा हक्कदारांवर सोडली तर काय होतं, याचा तो अनुभव होता. अशी जुनी प्रत सांभाळून इतरांना दाखवणाऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण हे म्हणताना दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे. थिएटरात मोबाईल धरून पहिल्याच दिवशी चित्रपट टिपायचा आणि संध्याकाळपर्यंत चॅनेलवर टाकायचा, याचं समर्थन कुठल्याही कारणाने होऊ शकत नाही. मराठी चित्रपटाला मुळात पडदे कमी आणि दिवस कमी. शुक्रवार ते रविवार हे तीन दिवस ठरवतात तो पुढच्या आठवड्यात राहील की नाही. त्या तीन दिवसांत फुटलेली प्रत चित्रपटाचा जीवच घेते, आणि त्याबरोबर कर्ज काढून उभ्या राहिलेल्या निर्मात्याचा, मानधनाचा शेवटचा हप्ता बाकी असलेल्या कलाकाराचा, स्पॉटबॉयचा घास जातो. या प्रती पसरवणारे कुणी चित्रपटवेडे नसतात. कितीतरी चोरीच्या प्रतींवर सट्ट्याच्या ॲपच्या जाहिराती कोरलेल्या असतात. प्रेक्षक फुकट बघतो आणि त्याच्या डोळ्यांचे पैसे सट्टेवाला खातो. तालुक्याच्या कॉलेजातली पोरं त्या जाहिरातींतून कुठे पोचतात हे मी जवळून पाहिलंय.

म्हणून पहिल्या आठवड्यातली चोरी आणि हरवलेल्या चित्रपटाची शोधाशोध, या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. २०१६ मध्ये 'सैराट'ची प्रत नेटवर फुटली होती, तरी लोकांनी मध्यरात्रीचे खेळ भरवले. एका अपवादावरून मी नियम काढणार नाही. पण जिथे पडदा हाताशी होता तिथे फुकटची प्रत खिशात असतानाही लोक रांगेत उभे राहिले, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. तो कमी नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने थिएटरात चोरून चित्रीकरण करणं आणि ते प्रसारित करणं यांना तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान ३ लाख रुपये दंड आणि तो निर्मितिखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल अशी तरतूद केली. महाराष्ट्रात २००९ पासून व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना एमपीडीए या गुंडांसाठीच्या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध करता येतं. २०१९ पासून दिल्ली उच्च न्यायालय एकाच आदेशाने संकेतस्थळाच्या नव्यानव्या नक्कलाही बंद करायला लावतं. ही सगळी हत्यारं पहिल्या आठवड्यातल्या टोळ्यांवर वापरावीत, जरूर वापरावीत. आत्याच्या प्रश्नाला मात्र त्यांपैकी एकाकडेही उत्तर नाही.

उत्तराची एक सुरुवात केरळने केली आहे. ७ मार्च २०२४ रोजी तिथल्या राज्य चित्रपट विकास महामंडळाने 'सी स्पेस' नावाचं सरकारी ओटीटी सुरू केलं. वर्षाची वर्गणी नाही. जो चित्रपट बघायचा त्याचे ७५ रुपये, आणि त्यातले निम्मे निर्मात्याला. ते दालन किती भरभराटीला येईल हा पुढचा प्रश्न. पण पैसे कुणाला द्यायचे हे मल्याळी प्रेक्षकाला आता सांगता येतं. आपल्याकडे गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ आहे, आणि दर्जा ठरवून मराठी चित्रपटांना लाखांच्या घरात अनुदान देण्याची पद्धत कित्येक वर्षं चालत आली आहे. तो पैसा बार्शीच्या लोकांचाही आहे. मग अनुदान घेणाऱ्या चित्रपटावर एक अट घालायला काय हरकत आहे? थिएटरमधून उतरल्यापासून तीन महिन्यांत त्याला खाजगी ओटीटी मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर तो महामंडळाच्या दालनात आलाच पाहिजे. तिकिटापेक्षा कमी दर असावा. खातं उघडण्याची सक्ती नसावी, यूपीआयचा चौकोन दाखवावा, पैसे भरले की चित्रपट सुरू व्हावा, जगात कुठूनही. ज्यांना पैसे भरायचे नाहीत त्यांच्यासाठी सहा महिन्यांनी जाहिरातींसह तोच चित्रपट खुला करावा. शोध देवनागरीत चालावा आणि मराठी अक्षरं असावीत. अनुदान न घेणाऱ्या निर्मात्यांनाही ते दालन आपखुशीने वापरता यावं. तीस वर्षांपूर्वीचे, हक्क सुटसुटीत असलेले चित्रपट हळूहळू तिथेच आणावेत.

यातलं काहीही अवघड तंत्रज्ञानाचं नाही. एक गोष्ट तर निर्माते उद्यापासून, एक पैसाही न खर्चता करू शकतात. पोस्टरवर प्रदर्शनाची तारीख छापतात, तिच्याखाली दुसरी तारीख छापावी: थिएटरनंतर हा चित्रपट अमुक दिवसापासून अमुक ठिकाणी बघता येईल. सोलापूरच्या मैत्रिणीने फोन केला त्या दिवशी आत्याला ती तारीख कळली असती, तर तिने ती कालनिर्णयवर लिहून ठेवली असती. गॅसच्या सिलिंडरची तारीख ती तशीच लिहिते.